जवसाची लाइन

टाकीत काय मेलं आहे, असं पोलीस पाटलांनी विचारलं तेव्हा मी त्या टाकीतच गुडघाभर पाण्यात उभा होतो. पाटील नाकाला रुमाल लावून वीस पावलं दूर थांबले होते. त्यांच्या मागे गल्लीतली आठ-दहा माणसं होती. पुढे यायला कोणी तयार नव्हतं.

"मेलं काही नाही, पाटील," मी म्हटलं. "जवस सडून राह्यला."

"कायले?"

"लाइन करायची हाय."

पाटलांनी वर विजेच्या खांबाकडे पाहिलं, मग खाली टाकीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला बाहेर यायला सांगितलं. विहिरीच्या काठावर जाऊन बसलेल्या माणसाशी बोलतात तसं.

मी बाहेर आलो नाही. का आलो नाही, ते सांगायचं तर आधीपासून सांगावं लागेल.

मी गवंडी आहे. मेडशीत आणि आसपास मला मिस्त्री म्हणतात, खरं नाव आता बायकोलाही आठवावं लागतं. शाळा चौथीपर्यंत, तीही पूर्ण नाही. पण माझ्या हातची एक भिंत ओळंब्याबाहेर दाखवा, मी ती माझ्या हाताने पाडून देतो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते लोंबकळतं ठेवलं की भिंत उभी सरळ आहे की नाही ते कळतं. हे जे लिहितो आहे तेही माझंच आहे. सर म्हणाले होते, मी तपासून देतो. मी नको म्हटलं. त्यांच्या घराची भिंत मी बांधली तेव्हा त्यांना तपासायला बोलावलं नव्हतं.

सर म्हणजे वानखडे सर. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा प्लॉट आहे. तिथे घर बांधायचं ठरलं आणि काम मला सांगितलं. गावात एवढं मोठं घर दुसरं नव्हतं. माझे गुडघे आता बोलतात, त्यामुळे एवढं मोठं काम पुन्हा हातात येणार नाही हे मला माहीत होतं. ते घर दुसऱ्याने बांधलं असतं तर एस.टी. पकडायला जाताना मला जन्मभर त्याच्यासमोरून जावं लागलं असतं.

अडचण एकच होती. सरांचे जावई इंजिनियर आहेत, नागपुरात. शिवरात्र झाल्यावर ते प्लॉट बघायला आले आणि म्हणाले, लाइन-आउट आमच्या मशीनने करू, माणसंही तिकडूनच आणू.

लाइन-आउट म्हणजे काय ते सांगतो. कागदावरचा नकाशा आधी जमिनीवर उतरवावा लागतो. भिंत कुठे येणार, खड्डा कुठे खणायचा, हे खुंट्या ठोकून आणि दोरी ताणून दाखवायचं. मग दोरीखालून पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची. सगळ्यात आधी घराच्या दर्शनी बाजूची दोरी ताणतात. ती मेन लाइन. बाकी सगळं घर तिच्यावरून काढतात. ती चुकली की फरशा तिरक्या होतात आणि दारं घासतात. मग घरमालक मिस्त्रीची रोज आठवण काढतो.

तर ही मेन लाइन मशीन टाकणार आणि मी बाजूला उभा राहून बघणार, असं जावयांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मी आजवर एवढी घरं टाकली, लाइन कशी टाकायची ते मला कोणी सांगू नये.

जावई माणूस वाईट नाही. हसतमुख आहे. त्यांनी हसतच विचारलं, "मिस्त्री, लाइन हा शब्द तरी कोणाचा आहे, ठाऊक आहे का?"

"आमचाच हाय," मी म्हटलं.

जावई आणखी हसले. मला राग आला. माझा बाप गवंडीच होता. त्याला अक्षर येत नव्हतं आणि त्याने जन्मात इंग्रज पाहिला नव्हता. पण दिवसभर त्याच्या तोंडी लाइन. लाइन धर, लाइन ओढ, लाइन सुटली. जो शब्द माझ्या बापाच्या तोंडात होता तो इंग्रजांचा कसा होईल? हे मी जावयांना विचारलं. त्यांना उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले की उत्तर देण्यासारखा प्रश्नच नाही, पण ते वेगळं.

सर मात्र हसले नाहीत. ते समोरच्या भाड्याच्या घरात गेले आणि दोन्ही हातांनी उचलावा लागतो असा इंग्रजी शब्दकोश घेऊन आले. सिमेंटच्या पोत्यांवर त्यांनी तो ठेवला, चष्मा पुसला आणि लाइन या शब्दाचे अर्थ वाचायला लागले.

मला वाटलं दोन-तीन असतील. आगगाडीची लाइन, फोनची लाइन, रेशनची लाइन. हे आपल्यालाही माहीत आहे. पण सर थांबेनात. कवितेची ओळ म्हणजे लाइन. नाटकात नटाने म्हणायचं वाक्य म्हणजे लाइन. मासे धरायची दोरी, देशाची सीमा, एखाद्याचं घराणं, माणसाचा धंदा, तोंडावरची सुरकुती, हातावरची रेषा, सगळं लाइन. पोरीकडे बघत पोरं जी मारतात ती त्यात नव्हती, ती आपल्याकडची. सरांनी पान उलटलं, पलीकडेही लाइनच होती. जावयांचा चहा गार झाला. काकू, म्हणजे सरांची बायको, मध्येच येऊन विचारून गेल्या की ही पोथी संपल्यावर जेवायला वाढायचं की आधी.

मग सर एका बारीक अक्षराच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "हे पाहा, मूळ दिलंय. लॅटिन नावाची फार जुनी भाषा आहे. तिच्यात जवसाला लिनम म्हणत. जवसाच्या सुताची दोरी, ती लिनेआ. तिच्यावरून लाइन. म्हणजे पहिली लाइन ही जवसाची दोरी होती, मिस्त्री. तुम्ही ताणता तशीच."

"जवस? आपला, चटणीचा?"

"तोच."

मी जावयांकडे पाहिलं. जवस आमचा. माझी आई दर हिवाळ्यात जवसाची चटणी कुटायची. दोरी ताणायचं काम आमचं. आणि आमच्या धंद्यात सरळ भिंतीला आम्ही काय म्हणतो? सुतात आहे, म्हणतो. इंचाचा आठवा भाग असतो, त्याला काय म्हणतो? एक सूत. म्हणजे इंग्रजांनी जे केलं ते आम्हीही करतच होतो. मग शब्द कोणाचा? हे सगळं मी तिथे उभ्याने सांगितलं. सरांनी मान डोलवली.

जावई म्हणाले, "मिस्त्री, जवसाचं तेल निघतं. दोरी निघालेली तुम्ही कधी पाहिली आहे का?"

"नाही."

"मग?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायची सवय मला कोणी लावली नाही. मी म्हटलं, "अक्षय तृतीयेले मेन लाइन जवसाच्या दोरीनं टाकतो. नाही टाकली, तं हे थापी खाली ठेवतो. मंग तुमची मशीन अन् तुमचे मानसं."

सर म्हणाले, पैजेची काही गरज नाही. पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर पेपर आणायला गेले आणि येईपर्यंत अर्ध्या गावाला ठाऊक झालं की मिस्त्री जवसाची दोरी करणार आहे आणि ती नाही झाली तर घर नागपूरवाले बांधणार आहेत.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मग म्हणाली, "त्या पुस्तकात जवसाची दोरी कशी करा लागते, ते लिवलं हाय काय?"

"नाही."

"तुमाले येते?"

"अंबाडीची येते."

"मी जवसाचं इचारलं," ती म्हणाली.

आता अंबाडीचं सांगतो. तिची भाजी सगळ्यांना माहीत आहे. पण पूर्वी अंबाडीच्या उंच काड्या पाण्यात सडवून, त्यांची साल सोलून, तिच्या धाग्यांचा दोर वळायचे. त्या धाग्याला वाख म्हणतात. बैलाचं दावं, बाजेची दोरी, सगळं अंबाडीचं. माझा बाप हे काम झोपेतही करायचा आणि मी त्याच्याशेजारी बसून शिकलो. मी विचार केला, जवस म्हणजे बारकी अंबाडी. झालं.

पण जवस आणायचा कुठून? आमच्याकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि तूर, त्यानंतर हरभरा. जवस आता दुकानात पुडीत मिळतो. चौकशी करता करता कळलं की माझ्या व्याह्यांच्या शेतात आहे, इंझोरीला. ते हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या चार ओळी पेरतात, कारण जनावर जवसाला तोंड लावत नाही, त्यामुळे आतला हरभरा राखला जातो. मी गेलो तेव्हा जवस कापून झाला होता, दाणे झोडून झाले होते आणि काड्या बांधावर जाळायला रचल्या होत्या. मी त्या मागितल्या. व्याह्यांनी मला कारण विचारलं नाही, व्याहीच ते. गपचूप पेंढ्या बांधून दिल्या. पण घरात जाऊन त्यांनी माझ्या पोरीला विचारलं की तुझ्या बापाची तब्येत बरी आहे ना. ते तिने मला फोनवर सांगितलं.

पेंढ्या घेऊन मी दोन एस.टी. बदलल्या. पहिल्या कंडक्टरने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, लाइन. तो पुढे गेला. दुसऱ्याने विचारलं तेव्हा मी झाडू म्हणालो. शिकलेल्या माणसापुढे बोलताना सोपं बोलावं.

सडवायला पाणी हवं. नाला आटलेला. मग सरांच्या प्लॉटवरची टाकी घेतली. काँक्रीट टाकल्यावर ते बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. म्हणून कामाच्या जागी आम्ही आधी टाकी बांधतो. ती भरलेली होती. पेंढ्या तिच्यात टाकल्या, वर दगड ठेवले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले. चौथ्या दिवशी वास आला.

वास कसा होता ते लिहायला माझ्याकडे शब्द नाही, आणि सरांच्या त्या पुस्तकातही नसावा. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काकूंनी चहा पाठवणं बंद केलं आणि निरोप पाठवला की घर बांधायचंच असेल तर दुसरा प्लॉट बघा. सहाव्या दिवशी पोलीस पाटील आले, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

पाटलांची समजूत सरांनी काढली. शब्दकोश आणून त्यांना ती ओळ दाखवली. पाटलांनी रुमाल नाकाला तसाच ठेवून बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना माझ्याएवढंच येतं. शेवटी म्हणाले, "छापेल हाय म्हनता, तं होऊ द्या. पन लवकर आटपा."

त्याच दिवशी बायको टाकीवर आली. एक काडी उचलून तिने बोटांनी चोळली. साल लगेच सुटली. "झालं हे," ती म्हणाली. "काढा आता."

मी म्हटलं, अंबाडीला पंधरा दिवस लागतात.

"अंबाडी अंगठ्यायेवढी जाड रायते. हे पाहा केवढी हाय."

मी ऐकलं नाही. बापाने पंधरा दिवस सांगितले होते. पुढे आसेगावला एक लग्न निघालं, तिकडे दोन दिवस गेले. ऊन वाढलेलं. परत येऊन दगड काढले तर अर्ध्याहून जास्त जवसाची खीर झाली होती. हातात धरला की बोटांतून निघून जायचा. मधल्या पेंढ्या तेवढ्या दाबून राहिल्यामुळे बऱ्या होत्या. माझ्या धंद्यातली पुष्कळ कामं बापाच्या मापाने बरोबर येतात. हे आलं नाही, कारण बापाने जवस कधी सडवलाच नव्हता. मीच त्याचं नाव घेऊन चूक केली.

राहिलेल्या काड्या वाळवल्या, कुटल्या, वाख काढला. आपल्याकडचा जवस दाण्यासाठी असतो, त्याची काडी आखूड. धागा हातभरही निघत नाही. तो धाग्याला धागा लावत मांडीवर वळायचा. बायको वाख विंचरून द्यायची, मी वळायचो. मांडी सोलून निघाली. पण दोरी मात्र अशी झाली की हातात घेतल्यावर सोडावीशी वाटेना. बारीक, गुळगुळीत, आणि ताणली की तसूभर वाढत नाही. नायलॉनची दोरी उन्हात ढिली पडते, ही पडत नव्हती.

वाख संपला तेव्हा मी दोरी मोजली. सव्वीस फूट. मेन लाइन होती बेचाळीस फूट. अक्षय तृतीयेला पाच दिवस होते.

मी व्याह्यांना फोन केला. राहिलेल्या काड्या त्यांनी जाळून टाकल्या होत्या. आणखी दोन-तीन गावांत विचारलं. दाणे पाहिजे तेवढे घ्या म्हणाले.

बायकोने काही न बोलता वर आढ्याकडे पाहिलं. तिथे माझ्या बापाने केलेलं शिंकं टांगलेलं आहे, अंबाडीचं. दूध-तूप मांजरापासून वर ठेवायला करतात ते. आता त्यात आमच्या दोघांच्या गोळ्यांचा डबा आणि मोबाइलचा चार्जर असतो.

"नाही," मी म्हटलं.

"मी काय बोलली काय?"

"जवस म्हनलं तं जवस."

"बरं," ती म्हणाली. "मंग द्या ते घर नागपूरवाल्याइले."

तीन दिवस मी त्या शिंक्याखाली जेवलो आणि वर पाहिलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी स्टुलावर चढलो. बापाच्या गाठी सोडवायला मला तास लागला. वाख इतक्या वर्षांनीही मजबूत होता. तो विंचरून बारीक केला आणि जवसाच्या पुढे वळत गेलो. बेचाळीस फूट झाली. रंगात फरक दिसत होता. शुभकार्य म्हणून दोरीला हळद लावतात, तशी मी लावली. ती पूजेसाठी होती. पण खोटं कशाला लिहू, फक्त पूजेसाठी नव्हती.

अक्षय तृतीयेला सकाळी प्लॉटवर गर्दी होती. घर कोण बांधणार यापेक्षा दोरी बघायलाच लोक आले होते. पोलीस पाटीलही होते. जावयांनी आपलं मशीन आणलं होतं. ते तीन पायांवर उभं राहतं आणि त्यातून उजेडाची सरळ रेघ निघते. आधी मशीनने दाखवतो, मग तुमची दोरी, असं ते म्हणाले. बटण दाबलं.

रेघ दिसेना.

आमच्याकडचं वैशाखातलं ऊन. त्यात उजेडच एवढा पडलेला की त्या बिचाऱ्या रेघेला जागा नव्हती. जावई खाली वाकले. सर वाकले. मग सगळेच वाकले. पाटील म्हणाले, मले दिसली. कुठे, विचारलं तर म्हणाले, गेली. काकूंनी घरातून चादर आणली. चौघांनी चादरीची चार टोकं धरून मशीनवर सावली केली, तेव्हा चादरीखाली हातभर रेघ दिसली. मग ते चौघे चादर घेऊन रेघेच्या मागे मागे पुढे सरकू लागले, आणि बाकीचे चादरीखाली डोकं घालून बघू लागले. नवरदेवावर छत धरून वरात निघाल्यासारखं दिसत होतं. ही घरातल्या कामाची मशीन आहे, उघड्यावरची वेगळी असते, असं जावई घाम पुसत म्हणाले. ते खरंही असेल.

मग मी दोरी काढली.

एका खुंटीला बांधली, दुसऱ्या खुंटीपर्यंत नेली आणि ताणली. बोटाने टिचकी मारली तर तुणतुण्यासारखी वाजली. कोपरे काटकोनात घेतले. ते आम्ही तीन-चार-पाच करून घेतो. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि त्यांच्यामधलं तिरकं माप बरोबर पाच आलं की कोपरा पक्का. मग घराची समोरासमोरची टोकं तिरकी मोजायची. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. जावयांनी स्वतःची टेप काढून मोजली. पुन्हा मोजली. एका सुताचा फरक निघाला. एवढ्या मोठ्या घरात एक सूत म्हणजे काहीच नाही.

जावयांनी टेप गुंडाळली आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "मिस्त्री, मी हरलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पुढे आले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. लॅटिनपासून मेडशीपर्यंत आले. म्हणाले, ही दोरी मी काचेच्या फ्रेममध्ये लावणार आणि खाली लिहिणार, शुद्ध जवसाची लाइन.

तो शुद्ध हा शब्द मला टोचला. मी बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडेच बघत होती.

"सर, थांबा," मी म्हटलं. "यात अंबाडी हाय."

जावयांनी विचारलं, "किती?"

"सव्वीस फूट जवस. सोळा फूट अंबाडी."

"मग जवसच जास्त आहे," जावई म्हणाले. "चालतं की."

"नाही चालत. पैज जवसाची होती. मी हरलो."

आणि मग मी आजवर पाहिलं नाही असं भांडण सुरू झालं. जावई म्हणत होते, मी हरलो. मी म्हणत होतो, नाही, मी हरलो. पाटील म्हणाले की दोघांपैकी कोणीतरी जिंका, पूजेची वेळ चालली. सर तेवढ्यात धावत जाऊन शब्दकोश घेऊन आले होते. ते पुढे झाले. "ऐका, ऐका. या शब्दातही भेसळ आहे. इंग्रजांना लाइन एकदम मिळालेली नाही. एक लाइन त्यांच्याकडे फार आधी होती, दोर या अर्थाची. दुसरी मागून फ्रेंच लोकांकडून आली. दोन्ही एकमेकींत वळल्या गेल्या आणि आजचा शब्द झाला. म्हणजे तुमची दोरी उलट जास्त बरोबर आहे, मिस्त्री."

"इंग्रजायनं अंबाडी घातली, म्हनून म्या घालावी असं नाही," मी म्हटलं. आणि माझी थापी, जी माझ्या हातात माझ्या बापाकडून आली, ती मी खुंटीजवळ जमिनीवर ठेवली. "बोलवा तुमचे मानसं, जवाईबापू."

जावयांनी डोकं खाजवलं. "माणसं आणलीच नाहीत."

"काहून?"

"तुम्ही हरणार नाही, असं हे म्हणाले होते." त्यांनी सासऱ्याकडे बोट दाखवलं.

आता सगळे जमिनीवरच्या थापीकडे बघत होते. ती उचलायला कोणी पुढे येईना. मीही उचलणार नव्हतो. त्या दिवशी घर बांधायला प्लॉट होता, नकाशा होता, बरोबर पडलेली लाइन होती, फक्त मिस्त्री नव्हता, आणि तो तिथेच उभा होता.

शेवटी काकू पुढे आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पैज कोन जिकली? जवाईबापू जिकले ना? मंग मिस्त्री कोनता घ्याचा, ते जवाईबापू ठरोतीन. हो का नाही?"

नियमाने बरोबर होतं.

"ठरवा," काकू जावयांना म्हणाल्या.

जावयांनी माझ्याकडे बोट केलं. काकूंनी स्वतः वाकून थापी उचलली, तिची माती पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली.

ते घर मी हरलेला मिस्त्री म्हणून बांधलं. जावई दर पंधरा दिवसांनी येत, बघत आणि मला काही सांगत नसत. फरशा बसवताना एकही तिरकी कापावी लागली नाही. पाटील वास्तूला पोटभर जेवले आणि जाताना टाकीत डोकावून गेले. माझ्या पैजेबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की शब्द देण्याआधी तो किती फूट भरतो ते घरात विचारून घ्यावं. आमच्याकडे नवीन शिंकं अजून झालेलं नाही. गोळ्यांचा डबा फ्रिजवर असतो आणि चार्जर रोज सापडत नाही, आणि तो सापडत नाही तेव्हा बायको वर आढ्याकडे बघते.

दोरी सरांनी फ्रेममध्ये लावली. वेटोळं करून, काचेच्या आत, समोरच्या खोलीत. शुद्ध हा शब्द काढला. खाली त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे, लाइन, जवस सव्वीस फूट, अंबाडी सोळा फूट. येणाऱ्या प्रत्येकाला ते शब्दाचं मूळ सांगतात. मी गेलो तर मलाही सांगतात.

मी ऐकतो. पण माझं लक्ष फ्रेमवर असतं. खिळा त्यांनी मला न विचारता स्वतः मारला आहे. फ्रेम डाव्या बाजूला तीन सूत खाली आहे.